कामावरून आल्यावर एका शेगडीवर दोघांचं जेवण, काय काय करता येईल?

सिडकोतला_भाडेकरू

नमस्कार मंडळी. मी नाशिकला अंबड एमआयडीसीत कामाला आहे, जनरल शिफ्ट. गर्दीतून वाट काढत पवननगरच्या खोलीवर पोचायला संध्याकाळचे ७ वाजतात. यंदापासून धाकटा भाऊ शिकायला माझ्याकडे आलाय. एकटा होतो तोवर मेस लावली होती. दोघांची मेस परवडत नाही, आणि बाहेरून पार्सल आणलं तर एका रात्रीत आठवड्याच्या भाजीचे पैसे जातात.

सामान असं आहे: एक बर्नरची शेगडी, ५ किलोचा सिलिंडर, ३ लिटरचा कुकर, तवा, कढई, दोन पातेली. फ्रिज नाही. गाव बीड जिल्ह्यात. आईनं तूरडाळ, मूगडाळ, ज्वारीचं पीठ, शेंगदाणे आणि डबाभर येसर (आमटीसाठी भाजून दळलेलं पीठ) बांधून दिलंय. पोळी दोघांनाही येत नाही. भाकरी भाऊ थापतो, पण कडेनं चिरते आणि चार भाकरींना तास जातो.

मला खरंच घरचं शिजवायचं आहे. भाऊ १७ वर्षांचा, त्याला भूक लागते आणि त्याला रोज नूडल्स खाताना बघवत नाही. पाऊण तासात दोघं जेवायला बसू असं काय काय करता येईल? रोजचं सांगा, सणावाराचं नको.

सेकंड_शिफ्ट_सातपूर

अंडी. मी रात्री १२ ला घरी पोचतो, त्या वेळी दुसरं काही सुचतही नाही. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात, फ्रिज नसला तरी थंडीच्या दिवसांत टोपलीत आरामात राहतात. उन्हाळ्यात मात्र दोन-तीन दिवसांचीच आणा.

तुमच्याकडे येसर आहे ना? मग फोडलेल्या अंड्याचा रस्सा करा. तेलात लसूण आणि कांदा परता, तिखट टाका, दोन-तीन चमचे येसर वाटीभर गार पाण्यात कालवून ओता, वरून आणखी तीन वाट्या पाणी. उकळी फुटली की आच कमी करायची आणि चार अंडी एकेक करून हलक्या हातानं रश्श्यात फोडून सोडायची. ढवळायचं नाही, झाकण ठेवायचं. ८-१० मिनिटांत अंडी आतून घट्ट होतात. अंडी उकडा, सोला, ही भानगडच नाही. पाव आणला की जेवण तयार.

नाशिकरोडच्या_काकू

तुला अरे-तुरे करते, माझा धाकटा तुझ्यापेक्षा मोठा आहे. मी नाशिकरोडला प्रेसमध्ये नोकरी केली आणि घरी येऊन सासू-सासरे धरून सहा माणसांचा स्वयंपाक केला. म्हणून जरा सविस्तर लिहिते, वेळ काढून वाच.

सगळ्यात आधी, रात्री भाजी-पोळी-वरण-भात असं भरलेलं ताट मांडायचा हट्ट सोडून दे. माझं माहेर चाळीसगावचं. आमच्या खान्देशात संध्याकाळ झाली की घरोघरी खिचडी शिजते. सकाळी भाकरी-भाजी आणि रात्री खिचडी, भाजलेला पापड, फोडलेला कांदा, वरून कच्च्या तेलाची नाहीतर लसणाच्या फोडणीची धार. दिवसभर शेतात राबलेल्या बाईला चुलीपुढे पुन्हा दोन तास बसावं लागू नये म्हणून ही रीत पडली असणार असं मला वाटतं. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मला तिनेच तारलं. रात्रीचं जेवण म्हणजे एक भांडं, आणि त्या भांड्यात धान्य आणि डाळ दोन्ही. सोबत काहीतरी कच्चं: कांदा, काकडी, मुळा, टोमॅटो, गाजर, बाजारात त्या दिवशी जे स्वस्त असेल ते.

आता खिचडी. दोघांना एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी तूरडाळ. इथे घोटी-इगतपुरीकडचा इंद्रायणी सगळीकडे मिळतो, तो जरा चिकट होतो आणि खिचडीला तेच हवं असतं. अख्खा परवडत नसेल तर त्याचीच कणी घे, चवीत फरक पडत नाही. कुकरमध्येच तेल तापव, मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण हात आखडता न घेता, दोन सुक्या मिरच्या, मूठभर शेंगदाणे, उभा चिरलेला कांदा. हळद, तिखट, धुतलेले डाळ-तांदूळ दोन मिनिटं परतायचे, चार वाट्या पाणी, मीठ. मऊ आवडत असेल तर आणखी अर्धी वाटी पाणी. ३ शिट्ट्या झाल्या की आच बारीक करून ५ मिनिटं ठेव आणि बंद कर.

बंद केलंस की कुकर लगेच उतरव, वाफ काढू नकोस. आत वाफ असते तोवर शिजणं चालूच असतं, त्याला गॅस लागत नाही. एका शेगडीवर स्वयंपाक करणाऱ्यानं ही १० मिनिटं ओळखली पाहिजेत. कुकर खाली गेला की शेगडी मोकळी झाली: त्या वेळात पापड भाज, दोन अंडी तव्यावर टाक, मिरच्यांचा ठेचा कर. म्हणून घरात पाऊल टाकल्यावर पहिला कुकर लागला पाहिजे, हातपाय धुणं, कपडे बदलणं शिट्ट्या होईपर्यंत. कांदा चिरायला वेळ नसेल तर नुसत्या लसणावर लाव.

डाळीचं सांगते, कारण वेळ खरा तिथेच जातो. तूरडाळ शिजायला हट्टी. सकाळी निघताना भिजत घातलीस तर संध्याकाळी निम्म्या वेळात मऊ होते. मात्र एप्रिल-मे मध्ये दिवसभर भिजवून ठेवू नकोस, खोली तापते आणि पाणी आंबतं. त्या दिवसांत मूगडाळ वापर. मूगडाळ आणि मसूरडाळ यांना भिजवायची गरजच नाही, मसूरडाळ तर साध्या पातेल्यात २० मिनिटांत गळते. अख्खा मसूरही न भिजवता कुकरमध्ये होतो. चणे, राजमा, छोले हे रविवारसाठी ठेव.

आईनं येसर दिलंय हे वाचून मला फार बरं वाटलं. बीडकडच्या बायका धान्य, डाळ, मसाले भाजून दळतात ते ह्याच कामासाठी. घरात पाहुणा आला आणि शिजवायला वेळ नाही, तर लसणाची फोडणी, पाणी, येसर, मीठ, की आमटी उकळायला लागली. पीठ आधीच भाजलेलं असल्यामुळे कच्चट लागत नाही आणि आपोआप दाट होते. वर शेंगदाण्याचा कूट घाल. रविवारी पावशेर-अर्धा किलो दाणे भाजून, जाडसर कुटून बरणीत भरून ठेव. ती बरणी आठवडाभर तुझ्या कामी येईल, कारण कुठल्याही पातळ भाजीला दोन चमचे कूट पडला की चवही येते आणि भावाचं पोटही भरतं. दाण्यात शंभर ग्रॅमला पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, बदामापेक्षा कमी समजू नकोस.

तिसरं म्हणजे पिठलं. पाऊण वाटी बेसन, अडीच वाट्या पाणी. बेसन गार पाण्यात आधी कालवून घे. एकदम पाणी ओतू नकोस, आधी थोड्या पाण्यात दाट घोटायचं, मग सैल करायचं, म्हणजे गाठी होत नाहीत. फोडणीत मोहरी, जिरं, लसूण, हिरवी मिरची, कांदा, हळद, त्यावर हे सोडायचं आणि दाट होईपर्यंत ढवळत राहायचं. मग झाकण ठेवून बारीक आचेवर ५ मिनिटं वाफ दे, ही वाफ चुकवू नको, नाहीतर बेसन कच्चं राहतं आणि पोटात दुखतं. मेथीची जुडी स्वस्त असेल तर बारीक चिरून फोडणीतच परत, भाजी आणि पिठलं एकातच झालं.

भगरही लक्षात ठेव. आपल्याकडे ती उपासालाच खातात, पण १५ मिनिटांत पातेल्यात शिजते. वाटीला तीन वाट्या पाणी. जिरं-मिरचीची फोडणी, बटाट्याच्या बारीक फोडी, कूट. उपास नसेल तेव्हा मी कांदा-हळदही घालते. तांदळापेक्षा महाग पडते, म्हणून अधूनमधूनच.

एवढ्यावर आठवडा निघतो. खिचडी दोन रात्री, पिठलं एक, येसर आमटी-भात एक, अंडी एक, भगर किंवा मसूर एक, आणि रविवारी मनासारखं काहीतरी.

गिरणारे_वाडी

काकूंनी शिजवायचं सगळं सांगितलं, मी विकत घ्यायचं सांगतो. आमची गिरणाऱ्याला शेती आहे, टोमॅटो आणि पालेभाजी.

पालेभाजी ज्या दिवशी करायची त्याच दिवशी घ्या. तुमच्या पवननगरलाच संध्याकाळी भाजीबाजार भरतो. ७ ला येताना भाव विचारा आणि शक्य असेल तर जेवण लावून पुन्हा साडेआठ-नऊला चक्कर मारा. विक्रेत्याला मेथी-कोथिंबीर रात्रभर ठेवून उपयोग नसतो, त्यामुळे त्या वेळी एकाच्या पैशात दोन जुड्या मिळून जातात. बुधवारी सुट्टी असली तर गंगेवरच्या (म्हणजे गोदाकाठच्या) आठवडे बाजारात जा, बटाटे, लसूण, मिरची, सुकी मिरची असं टिकणारं तिथून एकदम भरा.

कांद्याचं नीट ऐका, ह्यात बरेच जण फसतात. थंडीत येणारा लाल कांदा टिकत नाही, त्याला कोंब येतात, पाणी सुटतं. तो किलो-दोन किलोच घ्यावा. मार्च-एप्रिलमध्ये निघतो तो उन्हाळ कांदा. तो कांदाचाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) सहा-सहा महिने राहतो, तर तुमच्या खोलीत दोन महिने सहज राहील. मे महिन्यात १०-१५ किलो घेऊन ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, जाळीच्या पिशवीत किंवा टोपलीत, वारा लागेल असा, आणि बटाट्यापासून लांब. दर आठवड्याला हात फिरवून नासका निवडून काढा, एक नासला की शेजारचे जातात.

टोमॅटो ऑगस्ट ते नोव्हेंबर आमच्याकडे आणि पिंपळगावला ढिगानं येतो. त्या दिवसांत भाव पडला की मनापासून खा. नुसत्या टोमॅटोचं सार, टोमॅटो-कांद्याची चटणी, कूट घालून टोमॅटोची भाजी. तुम्ही दोन किलो जास्त घेतलेत तर इकडे आम्हालाही बरं वाटतं, हे अगदी खरं सांगतो. फ्रिज नसेल तर थोडे कच्चे, पिवळट घ्या, देठाची बाजू खाली करून ताटात पसरून ठेवा, रोज दोन-तीन पिकत जातात.

इंदिरानगरची_वहिनी

भाकरी कडेनं चिरते त्याचं कारण बहुतेक पीठ जुनं झालंय. ज्वारीच्या पिठाची विरी (चिकटपणा) गेली की कितीही मळा, चिरणारच. गावाहून पीठ आणण्यापेक्षा ज्वारी आणा आणि दोन-अडीच किलो, तीन आठवड्यांत संपेल इतकीच गिरणीतून दळून घ्या. आत्ता आहे ते पीठ संपवायचं असेल तर उकड काढा: वाटीभर पाणी खळखळून उकळवा, चिमूटभर मीठ, त्यात वाटीभर पीठ टाकून ढवळा, गॅस बंद करून झाकून ठेवा. पाचएक मिनिटांनी पाण्याचा हात लावून भरपूर मळा. कढत पाण्यानं पिठाला चिकटपणा येतो आणि भाकरी छान थापली जाते.

तेही नको वाटलं त्या दिवशी धपाटे करा. ज्वारीचं पीठ, मूठभर बेसन, किसलेला कांदा किंवा चिरलेली मेथी, तिखट, हळद, तीळ, मीठ. ओल्या फडक्यावर थापून थेट तव्यावर पालथं घालायचं आणि फडकं सोडवून घ्यायचं. थापायला हात बसलेला नसला तरी जमतं. दह्यासोबत हेच पूर्ण जेवण.

आणि आठवड्यातून एखाद्या दिवशी जवळच्या पोळी-भाजी केंद्रातून नुसत्या पोळ्या आणा, भाजी घरी करा. पूर्ण पार्सलच्या मानानं पुष्कळ स्वस्त पडतं. ह्या पोळ्या करणाऱ्या बायकांची घरं त्यावर चालतात, मला तर त्यात दुहेरी समाधान वाटतं.

सेकंड_शिफ्ट_सातपूर

काकू, तुमचं पटलं, पण १७ वर्षांच्या मुलाला खिचडी दोन तासांत पचते. माझाही भाऊ त्या वयाचा आहे, ११ वाजता पुन्हा डबे उघडतो.

नाशिकरोडच्या_काकू

बरोबर आहे. त्याला उपाय तांदूळ वाढवणं नव्हे, डाळ वाढवावी. त्याच्यासाठी डाळ-तांदूळ निम्मे-निम्मे घाला, दाण्यांची मूठ दुप्पट करा, सोबत वाटीभर दही. आणि ११ वाजताच्या भुकेला भाजलेले फुटाणे आणि गूळ डब्यात भरून ठेवायचे. आमच्याकडे त्या डब्याला कधी कुलूप नव्हतं आणि तो कधी रिकामा राहू दिला नाही मी.

सिडकोतला_भाडेकरू

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तुम्ही एवढं लिहिलंत, भावाला मोठ्यानं वाचून दाखवलं.

काल खिचडी केली. घरात शिरल्यावर आधी कुकर, मग आंघोळ. पावणेआठला आम्ही जेवत होतो. लसूण भावानं ठेचला, कुकर खाली गेल्यावर त्याच शेगडीवर पापड भाजले. आज येसरच्या रश्श्यात अंडी सोडली, सातपूरवाल्या दादांनी सांगितलं तशी. भाऊ म्हणाला, गावाकडची चव आली. आईला फोनवर सांगितलं तर पुढच्या वेळी दोन डबे येसर देते म्हणाली.

आता एकच विचारायचं आहे. दुपारच्या डब्याचं काय? मी साडेसातला निघतो. रात्रीच जास्त करून सकाळी डब्यात नेलं तर चालेल का? फ्रिज नाही, म्हणून विचारतो.

नाशिकरोडच्या_काकू

वा, पावणेआठला जेवलात म्हणजे जमलं की रे!

डब्याचं नीट ऐक. रात्रीचा भात किंवा खिचडी फ्रिजशिवाय ठेवून दुसऱ्या दिवशी दुपारी खायची नाही. सकाळी गरम केली म्हणून बाधायची थांबत नाही, शिळ्या भातातला जो दोष असतो तो उकळूनही जात नाही. थंडीत रात्री उरलेला भात भल्या सकाळी फोडणी देऊन तिथेच खाऊन टाकता येतो, तोही वास आणि हाताला लागणारा चिकटपणा बघून. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तेही नको, रात्री मोजूनच शिजव. अंड्याच्या आणि आमटीच्या रश्श्याचंही तसंच.

डब्याला कोरडं ने. भाकरी रात्री केलेली दुपारपर्यंत छान राहते, फक्त गार झाल्यावर फडक्यात गुंडाळ, गरम असताना डब्यात कोंडू नकोस, घाम सुटून बुरशी धरते. सोबत चटणी: दाण्याची, लसणाची, किंवा खुरासणीची (कारळ्याची). पेठ-सुरगाण्याकडच्या बाया इथे बाजारात खुरासणी विकायला आणतात, ती भाजून, लसूण-तिखट-मीठ घालून कुटली की पंधरा दिवस बघायला नको.

भाजी हवी असेल तर सकाळी कोरडा झुणका कर, १५ मिनिटांचं काम. दोन कांदे उभे चिरून जरा जास्त तेलावर मोहरी, लसूण, हिरवी मिरची, हळद घालून मऊ कर, मीठ घाल म्हणजे कांद्याला पाणी सुटेल. त्या ओलाव्यावर अर्धी वाटी बेसन हातानं भुरभुरत सोड, हलवत राहा, लागलाच तर पाण्याचा हबका मार. झाकण ठेवून दोन वाफा काढ. कांद्याची पात आली की पातीचा कर, तो अजून चांगला लागतो. डब्यात भरण्याआधी ताटात पसरून पूर्ण गार कर. भावाचा डबाही ह्यातच होतो. कांदे रात्री झोपताना चिरून ठेवू नकोस, सकाळपर्यंत उग्र वास येतो. लसूण मात्र रात्री सोलून ठेव, सकाळची तेवढी पाच मिनिटं वाचतील.